क्रथन आणि प्रमेह : मधुमेह्याच्या निद्रेचा एक मागोवा

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याची लक्षणे सांगितली आहेत. क्षुद्रश्वास, तृष्णा, क्षुधा, अतिनिद्रा, स्वेद, अंगाची दुर्गंधी यांच्या पंक्तीत तेथे ‘क्रथन’ असा एक शब्द येतो. वाचकाची दृष्टी त्यावरून सहज निसटून जाते. एकाएकी होणारा श्वासाचा अवरोध, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी व कोशकारांनी दिला आहे. याच अध्यायात पुढे असे म्हटले आहे की, अशा मनुष्यास प्रमेहपिडका, ज्वर, भगंदर, विद्रधी किंवा वातविकार यांपैकी काहीतरी जडून त्याचा अंत होतो. स्थौल्य, अतिनिद्रा, श्वासावरोध आणि प्रमेहाचा उपद्रव ही चारही एका ठिकाणी नांदताना प्राचीन वैद्याने पाहिली होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

याहून अधिक म्हणणे मात्र धाडसाचे होईल. क्रथन निद्रेतच होते असे संहितेत म्हटलेले नाही. शिवाय प्रमेह ही वीस प्रकारांची व्यापक कोटी असून मधुमेह हा तिचा केवळ एक प्रकार होय. आज ज्यास निद्राश्वासरोध अथवा स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, तो आपल्या पूर्वजांस ठाऊकच होता असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे अंतर विसरू नये.

उपचारांच्या बाबतीत मात्र संहितेचे म्हणणे नि:संदिग्ध आहे. चरकाने बैठे सुख व निद्रासुख यांस प्रमेहाच्या हेतूंत अग्रस्थान दिले. सुश्रुताने सहज व अपथ्यनिमित्तज असे प्रमेहाचे दोन भेद केले. निर्धन प्रमेह्याने पादत्राण व छत्र टाकून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एका रात्रीहून अधिक न राहता शंभर योजने चालावे; धनवंताने श्यामाक-नीवारासारखे तृणधान्य व फळे खाऊन मृगांसमवेत राहावे; कोणी विहीर खणावी, असे चिकित्सास्थानात सांगितले आहे. कृश रुग्णास मात्र सदैव जपावे, असेही तेथेच बजावले आहे. हा शेवटचा इशारा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

युरोपात एकोणिसाव्या शतकात हाच विचार वेगळ्या वाटेने आला. १८७०–७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता अन्नटंचाईत मधुमेह्यांच्या मूत्रातील शर्करा घटते, असे बूशार्दाच्या ध्यानात आले; व्यायामाचाही तो कट्टर पुरस्कर्ता होता. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि पथ्याचे हे प्राधान्य साहजिकच ओसरले.

निद्रेचा इतिहास याहून निराळा आहे. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या १८३६–३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील सदा पेंगणाऱ्या लठ्ठ मुलाच्या आठवणीने बर्वेल व त्याच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये ‘पिकविकियन’ हे नाव रूढ केले. त्यांचा रुग्ण पत्ते खेळताना हाती उत्तम डाव आलेला असूनही झोपी गेला होता! रुग्णालयात अल्पाहाराने त्याचे वजन उतरले आणि गुंगीही उतरली. या व्याधीच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ असा पथ्यानेच झाला, ही गोष्ट पुढे जवळजवळ विस्मृतीत गेली. १९६५ मध्ये फ्रान्स व जर्मनीतील संशोधकांनी निद्रेतील श्वासाच्या नोंदी घेतल्या, तेव्हा घशाचा मार्ग मिटून श्वास वारंवार अडतो हे उघड झाले. यानंतर श्वासनलिकेस छिद्र पाडण्याचा दारुण उपाय आला. आणि १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हनने नाकावाटे हवेचा सतत दाब देणारे यंत्र योजिले. हे यंत्र त्या रात्रीपुरता मार्ग उघडा ठेवते. मेद मात्र कमी करीत नाही. तरीही यंत्राच्या यशामुळे वजनाचा प्रश्न मागे पडला, असे म्हणण्यास जागा आहे.

तो पुन्हा पुढे आला अमेरिकेत. द्वितीय प्रकारच्या मधुमेहाच्या ५१४५ स्थूल रुग्णांवर ‘लुक अहेड’ हा दीर्घ प्रयोग २००१ मध्ये सुरू झाला. त्यातील एका गटास मित आहार व आठवड्यास १७५ मिनिटांचा व्यायाम, तर दुसऱ्या गटास केवळ मधुमेहविषयक शिक्षण, अशी योजना होती. ‘स्लीप अहेड’ या त्याच्या उपशाखेत प्रथम ३०६ जणांची निद्रा तपासली असता शेकडा ८६ जणांत निद्राश्वासरोध आढळला. त्यांतील बहुतेकांस त्याची वार्ताही नव्हती.

२६४ जणांच्या एका वर्षाच्या तुलनेचे फळ २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आहार-व्यायामाच्या गटाचे वजन सरासरी १०.८ किलो घटले, दुसऱ्याचे अवघे ०.६ किलो. दर तासास श्वास अडण्याच्या संख्येत दोन्ही गटांत ९.७ चे अंतर पडले. व्याधी पूर्णपणे नाहीशी झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा १३.६, तर दुसऱ्यात ३.५ होते. याहून उद्बोधक आहे ते पुढचे. चार वर्षांनी घटलेल्या वजनापैकी जवळजवळ अर्धे परत आले, पण श्वासावरोधातील लाभ त्या मानाने फारसा ओसरला नाही. त्या लाभाचे सारे श्रेय वजनास देता येत नाही, हे यावरून दिसते. दहा वर्षांनी अंतर ४ वर आले, तरी ते मिटले नव्हते. विशेष म्हणजे मूळ प्रयोग हृदयविकार टाळण्याचा मुख्य हेतू साधेना म्हणून २०१२ मध्ये थांबविण्यात आला होता. एका दृष्टीने निष्फळ ठरलेल्या उद्योगाचे हे आनुषंगिक फळ होय.

तथापि या प्रयोगातील माणसांचे वजन सरासरी १०२ किलोंच्या घरात होते. महाराष्ट्रातील मधुमेही बहुधा तसा नसतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचे व डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी छापून दाखविले की, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच असूनही मेदाचे प्रमाण याज्ञिकांत शेकडा २१.२ व युडकिनमध्ये ९.१ होते. त्याच वर्षी डॉ. झरीर उदवाडिया यांनी मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांत निद्रेतील श्वासदोषाचे प्रमाण शेकडा १९.५ असल्याचे प्रसिद्ध केले. दिसण्यात सडपातळ, पण पोटाशी मेद साठविलेल्या मधुमेह्यास दहा किलो घटविण्याचे पथ्य सांगावे की नाही, याचे उत्तर अमेरिकेतील आकड्यांतून मिळत नाही. २०२४ मध्ये टिरझेपटाइड या औषधास अमेरिकेत स्थूल रुग्णांच्या निद्राश्वासरोधासाठी मान्यता मिळाली. पण ज्या प्रयोगांच्या बळावर ती मिळाली, त्यांतून मधुमेह्यांस वगळलेले होते. कृश प्रमेही व स्थूल प्रमेही असा भेद करून दोघांस भिन्न चिकित्सा सांगणाऱ्या सुश्रुताचा प्रश्न आजही तसाच उभा आहे. आणि त्याचे उत्तर मुंबई-पुण्याच्या रुग्णांची निद्रा मोजूनच द्यावे लागेल.