दगडफूल आणि तुतवार

डिसेंबरात गावी, हिंगोलीला गेलो होतो. सिद्धेश्वर धरणाच्या काठावर शेपटी हलवत फिरणारा तुतवार दिसला. घरी आईच्या काळ्या मसाल्यात दगडफूल. म्हटलं, दोघंही परगावचेच की! तुतवार थंडीत हिमालयातून, त्याच्याही पलीकडून उडत येतो. दगडफूलही बरंचसं तिकडूनच, पोत्यांत भरून.

शास्त्रीय नावं जवळपास एकाच वेळची: तुतवाराला लिनियसने १७५८ मध्ये दिलं, दगडफुलाला हडसनने १७६२ मध्ये. पण दगडफूल ही एक वनस्पती नसून बुरशी आणि शैवालाचा संसार आहे, हे श्वेंडेनरने १८६७ मध्ये सांगितलं, तेव्हा भल्याभल्यांना पटलं नाही.

फरक एवढाच, की तुतवार उन्हाळ्यात परत जातो. वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढणारं दगडफूल एकदा खरवडलं की संपलं. मसाला करताना मूठ जरा आखडती घ्या राव!