शिशाच्या गोळ्या भरलेली पाटी

तळहात उताणा धरा. त्यावर पुठ्ठ्याची एक चपटी पेटी येते. आकार वहीएवढा. वरच्या भागात स्क्रीनची चौकट आखलेली, खाली कळांच्या ओळी. आत काहीच नाही. मग समोरचा तरुण पेटीत शिशाच्या बारीक गोळ्या ओतायला लागतो. गोळ्या खुळखुळत तळाशी बसतात, पेटी जड होत जाते. मनगट खाली झुकायला लागलं की तो थांबतो, थोड्या गोळ्या परत काढून घेतो आणि पुन्हा तुमच्या हाताकडे बघतो. त्याचं उत्तर ठरतं: दोन पौंडांच्या आत. आपल्या हिशेबात सुमारे ९०० ग्रॅम.

साल १९६८. तुम्ही अमेरिकेतल्या युटामध्ये आहात. तरुणाचं नाव ॲलन के, वय २८, इथल्या विद्यापीठाचा विद्यार्थी. एकेकाळी तो पैसे घेऊन जॅझ गिटार वाजवायचा. या वर्षी जगातले बहुतेक संगणक खोल्या अडवून बसलेत, त्यांच्यासाठी थंड हवेची सोय करावी लागते आणि त्यांच्याजवळ जायला परवानगी लागते. हा मात्र मुलांच्या दप्तरात मावेल अशा संगणकाचं वजन करतोय. असा संगणक अजून कुठेच नाही. त्याचं वजन करायचं म्हणून शिसं आणलंय.

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते बघायला याच वर्षातले काही महिने मागे चला.

इलिनॉय विद्यापीठातली एक परिषद. तुमच्यासमोर इंचभर लांब-रुंद काचेचा तुकडा आहे, त्यात निऑन वायू भरलेला. हुकूम दिला की त्यातला नेमका हवा तो ठिपका उजळतो. चपट्या स्क्रीनचं हे बालपण आहे. के उरलेली परिषद एकाच गणितात घालवतो: या काचेच्या पाठीवर अख्खा संगणक चिकटवता यावा इतकं सिलिकॉन लहान कधी होईल? गणित सांगतं, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, फार तर ऐंशीच्या सुरुवातीला.

आता सांता मोनिकामधली रँड ही संशोधन संस्था. टेबलावर दहा इंची चौरस पाटी आडवी ठेवली आहे, समोर उभा स्क्रीन. पाटीच्या पोटात तांब्याच्या बारीक रेषा आहेत, इंचाला शंभर. पेन कुठे टेकलंय ते दहा लाखांहून जास्त ठिकाणांमधून ती अचूक ओळखते. पेन उचला. वेडावाकडा चौकोन काढा. स्क्रीनवर तो सरळ, काटकोनी होऊन बसतो. आत एक अक्षर गिरवा, ते छापल्यासारखं उमटतं. नको असलेल्या गोष्टीवर पेन खरडा, ती पुसली जाते. पाटी १९६४ मध्ये तयार झाली, तिच्यावर चालणाऱ्या या प्रणालीचं नाव ग्रेल. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे असूनही मिनिटभरात तुम्ही ते विसरता. के इथे बसला तेव्हा त्याला आपले हात काचेतून आरपार गेल्यासारखे वाटले.

तिसरी जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनची एक शाळा. खोलीत टेलिप्रिंटरचा खडखडाट आहे, कागद पुढे सरकतोय आणि सातवीतली मुलं त्याच्यावर ओणवी झाली आहेत. सेमोर पॅपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो नावाची संगणकाची भाषा बनवली आहे. त्या भाषेत ही मुलं प्रोग्रॅम लिहितात. एका प्रोग्रॅममध्ये ती इंग्रजी शब्दांची अक्षरं मागेपुढे करून त्यांची गुप्त भाषा बनवतात, आपल्याकडे मुलं ‘च’ची भाषा बोलतात अगदी तशी. त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघा. संगणक त्यांना काहीतरी शिकवत नाहीये. मुलं संगणकाला ‘च’ची भाषा शिकवताहेत.

परतीच्या विमानात तुम्ही के याच्या शेजारी बसला आहात. तो या तीन गोष्टी एकत्र रेखतोय: काच, पेन आणि मूल. टॅबलेटचा इतिहास सांगताना बहुतेक जण पहिल्या दोनच सांगतात. मी हा प्रवास लिहायला घेतला तो तिसरीसाठी.

१९७२. पालो आल्टो, कॅलिफोर्निया, झेरॉक्सची नवी संशोधन प्रयोगशाळा. के याचा निबंध टेबलावर आहे. त्याला ‘सर्व वयांच्या मुलांसाठी’ वैयक्तिक संगणक हवा आहे. यंत्राचं नाव डायनाबुक. वजन चार पौंडांच्या आत, किंमत अंदाजे ५०० डॉलर. निबंधाच्या सुरुवातीला नऊ वर्षांची दोन मुलं बागेतल्या गवतावर लोळत, आपली डायनाबुकं एकमेकांना जोडून अंतराळयानांची लढाई खेळताहेत. मुलगा हरतो आणि त्याच्या मनात येतं, या खेळात सूर्य का नाही? सूर्य घातला तर त्याच्या ओढीने यानं वळतील. मग तो घालायचा कसा, हे शोधायला दोघं निघतात. खेळ बदलायची चावी खेळणाऱ्याच्याच हातात आहे. एवढ्या प्रसंगासाठी के याला ते यंत्र हवं होतं.

वरिष्ठ पैसे नाकारतात. मग सप्टेंबरमध्ये बटलर लॅम्पसन आणि चक थॅकर त्याच्या दारात येतात आणि पैसे आहेत का, असं विचारतात. त्याच्याकडे दुसऱ्या यंत्रांसाठी ठेवलेले दोन लाखांहून जास्त डॉलर आहेत. पुढच्या वर्षी आल्टो नावाचा संगणक तयार होतो. तो मांडीवर मावत नाही, त्याची पेटी टेबलाखाली ठेवावी लागते. के त्याला तात्पुरतं डायनाबुक म्हणतो. पण मुलं येतात. ॲडेल गोल्डबर्ग आणि तिचे सहकारी त्यांना स्मॉलटॉक ही संगणकाची भाषा शिकवतात. बारा वर्षांची एक मुलगी चित्रं काढायचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहिते आणि मग इतर मुलांचा वर्ग घेते. इथे हवं तितकं रेंगाळा. इतकी सुंदर जागा या प्रवासात पुन्हा लवकर येणार नाही.

पुढची वर्षं भराभर जातात. १९८९ मध्ये हातात ग्रिडपॅड येतो: दोन किलो, काळापांढरा स्क्रीन, दोरीला बांधलेलं पेन. जेफ हॉकिन्सने बनवलेलं हे यंत्र नोंदी आणि फॉर्म भरायला उत्तम आहे. १९९३ मध्ये ॲपलचा न्यूटन तुमचं अक्षर वाचतो, पण चुकीचं वाचतो आणि लोक हसतात. १९९८ मध्ये तो बंद होतो. नोव्हेंबर २००१ मध्ये लास वेगासला बिल गेट्स सांगतात की पाच वर्षांत टॅबलेट हाच अमेरिकेतला सर्वाधिक खपाचा संगणक असेल. तसं होत नाही. मेज-खुर्चीसाठी घडवलेलं विंडोज पेनाच्या टोकाला नाचायला तयार नसतं. गंमत म्हणजे ज्या पेनावर सगळे अडून बसले होते, तेच शेवटी बाजूला पडलं. डेलावेअर विद्यापीठात वेन वेस्टरमन या विद्यार्थ्याची बोटं टायपिंगने दुखायची, म्हणून त्याने आपले प्राध्यापक जॉन इलायस यांच्यासोबत हलक्या स्पर्शावर चालणारा, अनेक बोटं एकदम ओळखणारा पृष्ठभाग बनवला. त्यांची कंपनी ॲपलने २००५ मध्ये विकत घेतली.

जानेवारी २००७, सॅन फ्रान्सिस्को. ॲपलचा आयफोन नुकताच दाखवून झालाय. स्टीव्ह जॉब्स के याच्या हातात फोन देतो आणि त्याचं मत विचारतो. के आपली छोटी वही दाखवतो: स्क्रीन एवढा कर, जग तुझं.

तीन वर्षांनी, २७ जानेवारी २०१० ला, तुम्ही त्याच शहरात एका सभागृहात बसला आहात. मंचावर चामड्याची खुर्ची. जॉब्स तिच्यात रेलून बसतो आणि मांडीवरच्या आयपॅडच्या काचेवर बोट फिरवतो. स्क्रीन ९.७ इंची, वजन दीड पौंड, किंमत ४९९ डॉलरपासून. के याने ३८ वर्षांपूर्वी सांगितलेल्या किमतीत एकाच डॉलरचा फरक, आणि मधल्या काळात डॉलर किती स्वस्त झाला! काच हवी तशी, वजन हवं त्यापेक्षाही कमी. टाळ्या वाजवा, यंत्र खरोखर देखणं आहे. पण एप्रिलमध्ये, आयपॅडची विक्री सुरू झाली त्याच महिन्यात, मुलांनी स्क्रॅच या भाषेत बनवलेले खेळ चालवणारं ॲप ॲपलने आपल्या दुकानातून काढून टाकलं. बाहेरचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या ॲपना तेव्हा नियमांनी मनाई होती. स्क्रॅच हे लोगोचंच नातवंड. पुढे नियम सैल झाले, हे खरं. तरी त्या दिवसांत गवतावरच्या मुलाला खेळात सूर्य घालायचा असता, तर पाटी त्याच्या हातात होती आणि पेन्सिल दुकानदाराकडे. मला याचं अजून वाईट वाटतं.

आता भारतात या. ५ ऑक्टोबर २०११, दिल्ली. तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिबल विद्यार्थ्यांच्या हातात ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट देतात. सरकारने तो २,२७६ रुपयांना घेतलाय. तुम्ही बोट टेकवता, काही होत नाही. जोर देऊन दाबता, मग पान सरकतं. स्क्रीन दाबावर चालणारा आहे आणि प्रोसेसर धापा टाकतोय. तक्रारी होतात, त्या रास्त आहेत.

वर्षभर पुढे, मुंबईत, पवईच्या आयआयटीत शिरा. आकाशची दुसरी आवृत्ती इथल्या हातांखालून गेली आहे, प्रा. दीपक फाटक यांच्या देखरेखीखाली. आता बोट नुसतं टेकवलं तरी पुरतं. आणि इथल्या मंडळींनी त्यात सी, सी++ आणि पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिण्याची सोय केली आहे. सात इंची स्वस्त काचेवर.

भिंतीशी एक विद्यार्थी आकाश मांडीवर घेऊन बसलाय. त्याच्या मागे उभे राहा. अरुंद कळांवर तो अंगठ्याने पाच-सहा ओळी लिहितो आणि प्रोग्रॅम चालवतो. चूक. तिसऱ्या ओळीत कंस राहिलाय. तो कंस घालतो, पाटी जरा जवळ ओढतो आणि पुन्हा चालवतो.