अनुज्ञा कोणाची? – वैद्यकसंहितांतील एका विधीचा विचार

अलीकडे कित्येक लेखांतून असें विधान वाचावयास मिळतें कीं, चिकित्सेपूर्वीं रोग्याची संमति घेण्याचा जो दंडक आज सर्वत्र मान्य झाला आहे, तो आमच्या चरक-सुश्रुतांनीं पूर्वींच घालून दिला होता. या विधानास आधार म्हणून जीं स्थळें दाखविण्यांत येतात तीं मुळांतून वाचून पाहतां निराळाच अर्थ निघतो. तो वाचकांपुढें ठेवावा, इतकाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

पहिलें स्थळ चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तेराव्या अध्यायाचें. तेथें उदररोगाचें प्रकरण चाललें आहे. तिन्ही दोषांनीं झालेलें उदर कोणत्याहि उपायानें शमत नाहीं, तेव्हां अखेरचा उपाय म्हणून वैद्यानें रोग्यास अन्नपानांतून विष द्यावें, किंवा क्रुद्ध सर्पानें ज्यांत विष सोडलें आहे असें फळ खावयास द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. उपाय न केल्यास मृत्यु निश्चित, केल्यास संशय. ही गोष्ट उघड करून आणि अनुज्ञा घेऊनच हें कर्म करावयाचें. येथवर सर्व ठीक आहे. परंतु अनुज्ञा कोणाची? ग्रंथकार यादीच देतो: ज्ञाति, सुहृद्, भार्या, ब्राह्मण, राजे आणि गुरु. सहा नांवें झालीं. ज्याच्या मुखांत विष जावयाचें तो आतुर त्यांत नाहीं.

दुसरें स्थळ सुश्रुताच्या चिकित्सास्थानांतील सातव्या अध्यायाचें. मुतखडा शस्त्रानें काढण्याचा विधि सांगतांना तोच न्याय येतो, आणि वैद्यानें 'ईश्वरास' विचारून कर्म करावें असें सांगितलें जातें. ईश्वर म्हणजे स्वामी. त्याचा अर्थ राजा घ्या वा घरचा कर्ता पुरुष घ्या. तो शब्द रोग्याचा वाचक करणें कठीण आहे.

या विधीचें प्रयोजन कौटिल्याकडे पाहिलें असतां स्पष्ट होतें. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत असा नियम आहे कीं, प्राणावर बेतणारें दुखणें न कळवितां वैद्यानें उपचार चालविले व रोगी दगावला, तर वैद्यास पूर्वसाहसाचा दंड करावा. कोणास कळवावयाचें, हें सूत्रांत नाहीं. तथापि दंडाचें भय वैद्यास होतें, आणि अनुज्ञेनें जें कवच मिळे तें मुख्यतः त्यालाच मिळे, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, रोगी राजी असल्यावांचून वैद्यापुढें बसेलच कसा? त्याची संमति गृहीतच आहे. परंतु चरकानें उत्तम रोग्याचे जे चार गुण सांगितले, त्यांत स्मृति, निर्भयता व आपलें दुखणें सांगतां येणें यांबरोबर 'निर्देशकारित्व', म्हणजे सांगितलें तें करणें, हाहि एक आहे. इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायांत तर असें आहे कीं, मरणचिन्हें दिसलीं तरी वैद्यानें न विचारतां तीं सांगूं नयेत, आणि सांगण्यानें रोग्यास वा इतर कोणास अपाय होणार असेल तर विचारल्यावरहि सांगूं नयेत. यांत दयेचा भाग मोठा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्याला वस्तुस्थितिच कळूं दिली नाहीं, त्याच्या मौनास संमति म्हणतां येत नाहीं. प्राचीनांना दोष देण्याचें कारण नाहीं. जें त्यांनीं सांगितलें नाहीं तें त्यांच्या नांवावर घालूं नये, इतकेंच.

स्वतः रोग्याचीच अनुज्ञा हवी, हा विचार आमच्या न्यायालयांत निःसंदिग्धपणें मांडला गेला तो २००८ सालीं, समीरा कोहली यांच्या खटल्यांत. १९९५ सालीं त्या तपासणीसाठीं भूल घेऊन निजल्या असतां बाहेर बसलेल्या मातेची संमति घेऊन त्यांचें गर्भाशय काढण्यांत आलें. रोगी सज्ञान असून क्षणाचाहि विलंब न चालण्यासारखी स्थिति नसतां मातेची संमति ही संमतिच नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला. चरकाच्या यादींतील ज्ञाति येथें बाजूस सारला गेला.

परंतु सुहृदाचा प्रश्न उरलाच. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या अमानुष हल्ल्यानंतर कधींच पूर्ववत् शुद्धीवर आल्या नाहींत. त्यांच्या वतीनें बोलणारा सुहृद् कोण, हा वाद २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आला. अर्ज करणाऱ्या लेखिकेस तो मान न देतां, वर्षानुवर्षें शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गास न्यायालयानें तो दिला. पुढें २०१८ सालीं, वाचा जाण्यापूर्वींच आपली इच्छा लिहून ठेवण्याचा अधिकार प्रत्येक सज्ञान मनुष्यास मान्य झाला. ज्याचें नांव यादींत नव्हतें तो अशा रीतीनें यादीच्या शिरोभागीं आला.

कायदा बदलला, वहिवाट बदलली काय? कांहीं वर्षांपूर्वीं प्रस्तुत लेखकाच्या पत्नीवर शस्त्रक्रिया व्हावयाची होती. संमतिपत्र आलें तें मजपुढें. ती शेजारीं खाटेवर जागी होती, पूर्ण शुद्धीवर होती, आणि मजकडे पाहत होती. मीं सही केली. चरकाची ती यादी मला त्या वेळीं मुखोद्गत होती. तिच्यांतील उणीव मात्र दिसली ती घरीं परतल्यावर, तिनें 'मला कां विचारलें नाहीं?' असें म्हटलें तेव्हां. ती बरी झाली, परंतु त्या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं अद्यापि नाहीं.

आतां संग्राहकांस एक विनंति. 'राजीनामा' शब्दाचा मूळ अर्थ राजी असल्याचें पत्र असा आहे. नोकरी सोडण्याचा अर्थ मागाहून आला. वैद्यघराण्यांच्या दप्तरांत, औषधांच्या बाडांत, पोथीच्या कोऱ्या पानावर, वैद्यास किंवा शस्त्रवैद्यास लिहून दिलेला असा एखादा कागद आपल्या पाहण्यांत असल्यास त्याची नक्कल अवश्य प्रसिद्ध करावी. तारीख व हस्ताक्षर तर पाहालच. पण तत्पूर्वीं, खालीं निशाणी कोणाची आहे तें पाहावें.