‘वाचलेलं फक्त १० टक्के लक्षात राहतं’: शाळेपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत फिरणाऱ्या या तक्त्यात तथ्य किती?

एक रंगीत त्रिकोण. त्यात आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीसमोर एक आकडा. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, पाहिलेलं आणि ऐकलेलं मिळून ५० टक्के, स्वतः बोललेलं ७० टक्के आणि स्वतः करताना बोललेलं ९० टक्के. खाली बहुतेक वेळा एक नाव असतं, एडगर डेल.

हा फोटो तुमच्या फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. शिक्षकांच्या प्रशिक्षणात, क्लासच्या जाहिरातीत, शाळांना स्मार्ट बोर्ड विकणाऱ्यांच्या प्रेझेंटेशनमध्येही तो हमखास दिसतो.

अडचण अशी की हे आकडे डेल यांनी कधीच दिले नव्हते. आणि ते ज्यातून आले असं म्हणता येईल, असा प्रयोगही कुणाला दाखवता आलेला नाही.

एडगर डेल कोण होते आणि त्यांनी काय मांडलं?

डेल हे अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. १९४६ मध्ये त्यांचं दृक्‌श्राव्य साधनांनी शिकवण्याबद्दलचं पुस्तक आलं. त्यात त्यांनी एक शंकू काढला. आपल्याकडे बी.एड. आणि डी.एल.एड.च्या अभ्यासात तो ‘अनुभव शंकू’ या नावाने ओळखला जातो.

शंकूच्या तळाशी प्रत्यक्ष अनुभव आहे, म्हणजे स्वतः हात लावून केलेलं काम. तिथून वर जाताना प्रतिकृती, नाट्यीकरण, प्रात्यक्षिक, क्षेत्रभेट, प्रदर्शन, चित्रपट, रेडिओ आणि स्थिरचित्रं अशा पायऱ्या येतात. त्यापुढे नकाशे-आलेखांसारखी दृश्य चिन्हं आणि अगदी टोकावर शब्द. १९५४ च्या दुसऱ्या आवृत्तीत टीव्हीचीही भर पडली.

वर जाल तसा अनुभव अमूर्त होत जातो, एवढंच हा शंकू सांगतो. ‘आंबा’ हा शब्द, आंब्याचं चित्र आणि हातात घेतलेला आंबा यांतला फरक दाखवणारी ही मांडणी आहे. त्यात एकही टक्केवारी नाही.

तळ चांगला आणि टोक वाईट, असंही डेल यांना म्हणायचं नव्हतं. शंकूचा असा सोयीचा अर्थ लावला जातोय हे लक्षात आल्यावर १९६९ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यांनी गैरसमजांबद्दल वेगळं लिहिलं. शब्द ही माणसाची मोठी ताकद आहे. प्रत्येक गोष्ट हाताने करून शिकायची म्हटलं तर इतिहास शिकताच येणार नाही.

मग टक्केवारी कुठून आली?

या आकड्यांचा माग काढणारे अभ्यासक बहुतेक वेळा १९६७ सालच्या एका लेखापाशी पोहोचतात. दृक्‌श्राव्य माध्यमांच्या एका अमेरिकन व्यावसायिक मासिकात तो आला होता. लेखक डी. जी. ट्रायक्लर हे मोबिल या तेल कंपनीत काम करत होते. वर दिलेले आकडे त्या लेखात आहेत. ते कुठल्या प्रयोगातून आले, याचा उल्लेख मात्र नाही.

पुढे कुणीतरी हे आकडे डेल यांच्या शंकूवर चिकटवले आणि खाली डेल यांचं नाव राहू दिलं.

या तक्त्याचं एक भावंडही आहे, ‘लर्निंग पिरॅमिड’. त्यात व्याख्यान ५ टक्के, वाचन १० टक्के, गटचर्चा ५० टक्के आणि दुसऱ्याला शिकवणं ९० टक्के असे आकडे असतात. तो अमेरिकेतल्या एनटीएल या प्रशिक्षण संस्थेच्या नावाने फिरतो. मूळ संशोधनाबद्दल विचारणा झाल्यावर, ते आता आपल्याकडे उपलब्ध नाही, असं उत्तर संस्थेने दिलेलं आहे.

आकडे खोटे आहेत हे बघूनच कसं ओळखायचं?

तक्त्याला तीन साधे प्रश्न विचारा. लक्षात राहतं म्हणजे किती वेळाने? तासाभराने की महिन्याने? लक्षात राहणारी गोष्ट कोणती? पाढे, कविता की सायकल चालवणं? आणि शिकणारा कोण? पहिलीतलं मूल की इंजिनिअर?

तक्त्यात यातल्या एकाचंही उत्तर नाही. शिवाय खऱ्या मोजमापात सगळेच आकडे ० वर संपणारे येत नाहीत.

खरा प्रयोग कसा दिसतो ते पाहा. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून मग कागद बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटं झालं. दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, तर स्वतःहून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

दोन्ही गट ‘वाचणारे’च होते. तरी आकडा १० नाही. तो वेळेनुसार बदलतो आणि वाचल्यानंतर मुलांनी काय केलं, यावरही ठरतो.

संवादशास्त्र याबद्दल काय सांगतं?

वर्गात शिकवणं हा शेवटी संवादच आहे. म्हणून मास कॉमच्या पहिल्या वर्षात येणारी मॉडेल्स इथे उपयोगी पडतात.

१९४८ मध्ये बेल लॅब्जमधले गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला. पाठवणारा, संदेश, वाहिनी, घेणारा आणि मध्ये येणारा अडथळा, म्हणजे ‘नॉइज’. पुढच्या वर्षी वॉरन वीव्हर यांच्यासोबत तो पुस्तकरूपाने आला. पण शॅनन यांचा प्रश्न टेलिफोनसारख्या यंत्रणांचा होता. संदेशाचा अर्थ काय, हा आपला विषय नाही, असं त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. तारेतून आवाज नीट पोहोचला की इंजिनिअरचं काम झालं. शिक्षकाचं काम तिथून सुरू होतं.

ही उणीव विल्बर श्रॅम यांनी १९५४ मध्ये भरून काढली. त्यांचं म्हणणं असं की बोलणारा आणि ऐकणारा, दोघांचंही स्वतःचं अनुभवविश्व असतं. ही दोन वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात, तिथेच अर्थ पोहोचतो.

मुंबईतल्या मुलाला ‘मळणी’ आणि गडचिरोलीच्या खेड्यातल्या मुलाला ‘लोकलची गर्दी’ हे शब्द नुसते ऐकून कळणार नाहीत. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीत मराठी ऐकतं, तेव्हा शिक्षकाचा आवाज कानापर्यंत पोहोचतो, अर्थ वाटेतच राहतो. अशा ठिकाणी चित्र, वस्तू, अभिनय किंवा मुलाच्या भाषेतले दोन शब्द पूल बांधतात. डेल यांचा शंकू खरा कामाला येतो तो इथे. वर्तुळं जुळत नसतील तर पायरी उतरून खाली या आणि जुळली की पुन्हा शब्दांकडे जा.

तिसरी गोष्ट प्रतिसादाची. मुलांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पाहून शिक्षक थांबतो, उदाहरण बदलतो, मागच्या बाकावरच्या मुलाला विचारतो. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ यातलं काहीच करू शकत नाही. तो थांबवायला, प्रश्न विचारायला आणि पुढे न्यायला वर्गात कुणीतरी लागतंच.

म्हणजे टीव्ही, प्रोजेक्टर निरुपयोगी आहेत का?

नाही. भारताने तर याचा फार मोठा प्रयोग केला आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षभरात ‘साइट’ प्रकल्पाअंतर्गत अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांमध्ये टीव्ही कार्यक्रम पोहोचवले गेले. सकाळी शाळकरी मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. जिथे रस्ता धड नव्हता, तिथे टीव्हीने जगाची खिडकी उघडली. माध्यमाची पोहोच हा मोठाच फायदा आहे.

पण पोहोचणं आणि शिकणं वेगळं. अमेरिकन संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये जुने अभ्यास तपासून एक वादग्रस्त निष्कर्ष काढला. त्यांच्या मते माध्यम हे किराणा आणणाऱ्या ट्रकसारखं असतं. ट्रक बदलल्याने घरातल्यांचं पोषण सुधारत नाही, ते ट्रकमधून काय आलं त्यावर अवलंबून असतं. रॉबर्ट कोझमा यांनी हे खोडून काढायचा प्रयत्न केला. काही गोष्टी विशिष्ट माध्यमातच नीट दाखवता येतात, हा त्यांचा मुद्दा. हृदयातून रक्त कसं वाहतं हे हलत्या चित्रात जितकं स्पष्ट दिसतं, तितकं फळ्यावर काढणं अवघडच.

रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांमधून यापुढचे बारकावे कळतात. शब्द आणि त्याला जुळणारं चित्र एकत्र दिलं तर नुसत्या शब्दांपेक्षा चांगलं समजतं. मात्र विषयाशी संबंध नसलेली सजावट आणि पार्श्वसंगीत शिकण्यात अडथळा आणतात. चित्र दाखवून समजावून सांगताना तीच वाक्यं पडद्यावरही छापलेली असतील, तर अनेकदा फायद्याऐवजी तोटा होतो. डोळे एकाच वेळी चित्र आणि मजकूर यांच्यात वाटले जातात. स्लाइड वाचून दाखवणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवं.

एका तक्त्याने एवढं काय बिघडतं?

तक्त्यात वाचन अगदी तळाच्या आकड्यावर आहे. तो खरा मानला, तर शाळेचे मर्यादित पैसे ग्रंथालयाऐवजी स्क्रीनवर खर्च करायला आयतं कारण मिळतं. धडा उलगडून सांगणाऱ्या चांगल्या शिक्षिकेला ‘तुमची पद्धत ५ टक्केवाली’ असं ऐकून घ्यावं लागतं. आणि ज्या मुलाला अजून नीट वाचता येत नाही, त्याच्यासाठी वाचनावर मेहनत घेण्याऐवजी ‘व्हिडिओ दाखवू की’ ही पळवाट तयार होते. नुकसान त्याचंच होतं, कारण पुढचे सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात.

त्यामुळे कुणी शाळेत येऊन हा त्रिकोण दाखवला, तर पालक म्हणून किंवा शिक्षक म्हणून एवढंच विचारा: हे कुणावर, किती काळाने आणि कसं मोजलं? त्यानंतर साधनाबद्दल विचारा. या धड्यात मुलांना नेमकं काय कळत नाहीये आणि ते या साधनामुळे कळेल का? धडा संपल्यावर मुलं स्वतः काय करतील? लिहितील, सांगतील, की नुसती बघत बसतील?

उत्तरं समाधानकारक असतील तर स्मार्ट बोर्ड जरूर घ्या. नसतील, तर खडू-फळा आणि धड्यानंतर विचारलेले चार प्रश्न यांनीही पुष्कळ काम होतं.