मुलांचा ताण: योग आणि ‘टेलि-मानस’

शाळेतील योगाच्या तासाला शिकवलेले शवासन आणि सावकाश श्वास घेण्याचा सराव घरीही करून घ्या. परीक्षेचा ताण हलका व्हायला त्याची मदत होते. मात्र मूल अनेक दिवस नीट झोपत नसेल, जेवण टाळत असेल किंवा शाळेचे नाव काढताच रडत असेल, तर केवळ योगावर विसंबू नका. हा आळस किंवा हट्ट नव्हे. १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. बेंगळुरूची निम्हान्स संस्था तिचे प्रमुख केंद्र आहे. पालकांना मराठी भाषा निवडता येते. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. मूल जीव देण्याची भाषा बोलले, तर त्याला एकटे सोडू नका. त्याच क्षणी फोन लावा.