मगरपट्टा: सातबाऱ्यांची कंपनी

पुण्याजवळच्या हडपसरच्या मगर कुटुंबांकडे ऊस होता, भाजीपाला होता आणि बांधापर्यंत येऊन ठेपलेलं पुणं होतं. १९८० च्या दशकात विकास आराखड्यात ही शेती भावी शहरी क्षेत्र ठरली. पुढचं ठरलेलंच असतं: दलाल येतो, गुंठा गुंठा सुटतो आणि नव्या जीपचे टायर झिजायच्या आत पैसा संपतो.

कृषी पदवीधर सतीश मगर यांनी भाऊबंदांपुढे वेगळा हिशेब मांडला. जमीन विकायची नाही. सुमारे १२० कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून कंपनी काढायची. ज्याची जितकी जमीन, तितके त्याचे शेअर. बांधावरून पिढ्यानपिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या मुलखात हे जमलं, हीच खरी कमाल!

या जमिनीवरच्या ‘मगरपट्टा’ नगराचा आराखडा वास्तुविशारद हफीझ कॉन्ट्रॅक्टर यांनी केला, २००० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. इमारतींच्या गच्च्यांवर सौर बंब बसले. ओला-सुका कचरा घरातच वेगळा होऊ लागला. ओल्याचं गांडूळखत आणि बायोगॅस. शेतकऱ्यांची पोरं ठेकेदारीत उतरली.

मगर पुढे ‘क्रेडाई’ या बिल्डरांच्या देशव्यापी संघटनेचे अध्यक्ष झाले. फाटकाबाहेर सोलापूर रस्त्याची कोंडी मात्र कुणाच्याच आराखड्यात मावली नाही. दरम्यान, सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गावातल्या शेतकऱ्यांनीही हाच कित्ता गिरवला, सुमारे ७०० एकरांवर.