दुचाकीचा परवाना

मोटार चालविण्यास शिकणारा माणूस आणि स्कूटर चालविण्यास शिकणारा माणूस यांच्यात एक मूलभूत अंतर आहे. मोटारीत शिक्षक शेजारी बसतो. प्रसंगी चाक स्वतःच्या हाती घेतो, आणि शिकवणीच्या गाडीत तर त्याच्या पायाशी दुसरा ब्रेकही असतो. स्कूटरवर शिक्षक बसतो तो मागे. तेथून त्याचा हात ना ब्रेकपर्यंत पोचतो, ना क्लचपर्यंत. सूचना देणे आणि तोल जाऊ लागला की पाय टेकणे, एवढेच त्याला करता येते. आपल्या देशातील दुचाकीच्या परवान्याचा इतिहास हा बव्हंशी या मागच्या बैठकीवरील शिक्षकाचा इतिहास आहे. आणि तो पाहावयाचा तर राजधानी दिल्लीसारखे दुसरे ठिकाण नाही.

मोटार वाहनांसाठी पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला आणि चालकाला परवाना आवश्यक ठरला. १९३९ च्या कायद्याने या व्यवस्थेला सविस्तर रूप दिले. सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालविण्यास १८ वर्षांचे वय ठरले आणि चालकाच्या पात्रतेची परीक्षा कशी घ्यावी, हे कायद्याच्या परिशिष्टात नमूद झाले. त्याच्या आधारे दिल्लीचे नियम १९४० मध्ये निघाले. परीक्षा कोणी घ्यावयाची हे निश्चित झाले. शिकवावयाचे कोणी, हा प्रश्न मात्र उमेदवारावर सोपविला गेला. मोटारी थोड्या आणि त्या चालविणारे बहुधा पगारी चालक, अशा त्या काळात ही उणीव फारशी जाणवली नाही.

फाळणीनंतर चित्र पालटले. १९४१ साली सुमारे ९ लाख असलेली दिल्लीची लोकसंख्या १९५१ मध्ये १७ लाखांवर गेली. निर्वासितांच्या नव्या वसाहती उठल्या, सरकारी नोकरांच्या वसाहती दूरवर पसरल्या, आणि कचेरी व घर यांतील अंतर सायकलीला झेपेनासे झाले. ही गरज भागविणारी स्कूटर पुष्कळ अंशी महाराष्ट्रातून आली, ही गोष्ट मराठी माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईच्या भांडुपची लँब्रेटा आधी आली. मागोमाग १९६० च्या दशकात पुण्याजवळच्या आकुर्डीची बजाज आली आणि १९७२ मध्ये राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव धारण करणारी ‘चेतक’ अवतरली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी तेव्हा स्कूटर दारात येई.

दारात आलेली स्कूटर शिकविणार कोण? वडील भाऊ, मेहुणा, नाही तर शेजारचे गृहस्थ. रविवारी पहाटे, वसाहतीतल्या मोकळ्या मैदानावर ही शाळा भरे. विद्या सोपी नव्हती. डाव्या मुठीने क्लच दाबून तीच मूठ फिरवीत गिअर बदलावयाचा, उजव्या मुठीने वेग द्यावयाचा आणि मागच्या चाकाचा ब्रेक उजव्या पायाने दाबावयाचा. शिवाय इंजिन उजव्या बाजूस असल्यामुळे गाडीचा कल तिकडे. गाडी सुरू होणे, न पडता वळणे आणि थांबणे, एवढे साधले की शिक्षण पुरे झाले असे मानले जाई. परीक्षेतही जमिनीवर इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखविण्याचा प्रघात पडला. तो काढता येणे हे तोल सांभाळण्याचे प्रमाण खरे. पण समोरून भरधाव येणाऱ्या बसचा अंदाज त्या आकड्यात कोठून येणार?

१९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अमलात आला आणि त्याबरोबर केंद्रीय नियमांनी साऱ्या देशाला एकच पद्धत लावून दिली. आधी खुणा व नियमांची तोंडओळख तपासून शिकाऊ परवाना, मग किमान ३० दिवसांनी प्रत्यक्ष चाचणी. गिअरच्या आणि बिनगिअरच्या दुचाकीला वेगळा वर्ग. शिकाऊ चालकाने पांढऱ्या पाटीवर तांबडा ‘एल’ लावावा आणि परवानाधारक शिक्षकाने वाहन ताब्यात ठेवता येईल अशा जागी बसावे, असे नियम सांगतो. दुचाकीवर अशी जागाच नाही, हे वर आलेच आहे. प्रशिक्षणशाळेच्या प्रमाणपत्राची सक्ती झाली ती प्रवासी व मालवाहू गाड्यांच्या चालकांना. दुचाकीस्वार त्यातून वगळला गेला.

बिनगिअरच्या स्कूटरने पुढे अनेक स्त्रियांना हे वाहन सुलभ केले. मात्र दिल्लीत स्त्रियांना हेल्मेटची सक्ती पुष्कळ काळ नव्हती. ती २०१४ मध्ये झाली आणि शीख स्त्रियांपुरते ते ऐच्छिक राहिले. परीक्षेची रीतही बदलली. दिल्लीत कॅमेरे व संवेदकांनी युक्त चाचणीपथ आले. ऑगस्ट २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येऊ लागली. त्याआधी २०१९ च्या दुरुस्तीने बिनपरवाना वाहन चालविण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० वर नेला आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकास तुरुंगवासापर्यंतची शिक्षा सांगितली.

परीक्षा कडक झाली, शिक्षा कडक झाली. शिक्षण होते तेथेच राहिले. ब्रिटनमध्ये १९९० पासून नवशिक्या दुचाकीस्वाराला रस्त्यावर एकट्याने येण्यापूर्वी मूलभूत प्रशिक्षण सक्तीचे आहे. तेथे शिक्षक मागच्या बैठकीवर बसत नाही. तो आपल्या वाहनावरून पाठोपाठ येतो आणि बिनतारी यंत्रावरून सूचना देतो. आपल्याकडे २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी शेकडा ४४.५ दुचाकीवरची होती. यातील प्रत्येक मृत्यूचा दोष प्रशिक्षणाच्या अभावाकडे जात नाही. खड्डे, वेग, मद्य आणि इतरांचा बेदरकारपणा हेही त्यात आहेतच. तरीही ज्या वाहनावर देशाचा सामान्य माणूस सर्वाधिक विसंबून आहे, तेच शिकविण्याची जबाबदारी कोणाचीच नसावी, हे योग्य नव्हे.

मैदानावर पहाटे धापा टाकीत स्कूटरमागे धावणाऱ्या त्या वडील भावाचे ऋण मोठे आहे. राज्य परीक्षकाच्या भूमिकेत राहिले तेव्हा शिक्षकाची जागा त्याने भरून काढली. परंतु परवान्यावर शिक्का राज्याचा असतो. तो शिक्का म्हणजे रस्त्यावरील प्रत्येक पादचाऱ्याला दिलेली हमी होय; आणि हमी देणाऱ्याने शिकविण्याचा भारही उचलावा, एवढीच या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासाची मागणी आहे.